दिल्ली ते टोकियो : नकाशावरील वाट व आकाशातील वाट

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग भरले, तेव्हा आमच्या नववीतील एक विद्यार्थिनी हातात एक कागद घेऊन आमच्याकडे आली. तिचा थोरला भाऊ नोकरीनिमित्त जपानात टोकियो येथे असतो. सणासाठी तो ग्वाल्हेरला घरी आला होता व नुकताच परत गेला होता. तो कागद म्हणजे त्याच्या विमानप्रवासाच्या वेळा होत्या. येताना टोकियोहून सकाळी ११ वाजता निघून त्याच दिवशी सायंकाळी ५ वाजता दिल्ली. जाताना दिल्लीहून रात्री ८ वाजता निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून १५ मिनिटांनी टोकियो.

तो परत गेला त्या रात्री घरातील आजींना झोप लागली नाही. त्यांनी बोटांवर हिशेब केला होता. "येताना सहा तासांत आला, आणि जाताना सव्वाअकरा तास! विमान वाटेत कुठे अडकलं तर नाही ना?" असे त्या पुनःपुन्हा विचारीत होत्या. विद्यार्थिनीने आजींची समजूत घालण्यासाठी नकाशासंग्रह काढला, दिल्ली व टोकियो यांमध्ये पट्टी ठेवली, प्रमाणाने गुणले आणि अंतर सुमारे ५,९०० किलोमीटर काढले. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर असतो हे तिला ठाऊक होते. तेव्हा तिच्या मते प्रवास जाताना साडेसहा तासांचा आणि येतानाही साडेसहा तासांचाच असला पाहिजे.

अशा रीतीने एकाच प्रवासाची तीन उत्तरे झाली : सहा तास, साडेसहा तास आणि सव्वाअकरा तास. "यांपैकी खरे कोणते?" हा तिचा प्रश्न. "एकही नाही," असे आम्हास सांगावे लागले. परंतु तेवढ्याने आजींचे समाधान होणार नव्हते आणि खरे पाहता विद्यार्थिनीचेही नव्हते. पुढील दोन तासिका आम्ही सर्वांनी मिळून याच प्रश्नास दिल्या. भूगोल, गणित, इतिहास आणि पदार्थविज्ञान हे चारही विषय एका विमानात एकत्र बसलेले आम्हास आढळले. त्या चर्चेचे सार आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घड्याळांचा घोटाळा

प्रथम आजींच्या शंकेचा विचार करू. त्यांची वजाबाकी बिनचूक होती. चूक होती ती एका घड्याळातून दुसरे घड्याळ वजा करण्यात. दिल्लीतून निघताना जी वेळ लिहिलेली असते ती भारताची व टोकियोस पोहोचताना जी लिहिलेली असते ती जपानची.

पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी, म्हणजे ३६० अंश, पुरी करते. म्हणून एका तासास १५ अंश, अथवा एका अंशास ४ मिनिटे, असे प्रमाण पडते. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरविली आहे. जपानची प्रमाणवेळ आकाशी नावाच्या गावावरून जाणाऱ्या १३५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरविलेली आहे. दोहोंतील अंतर साडेबावन्न अंश. त्यास ४ ने गुणता २१० मिनिटे, म्हणजे साडेतीन तास येतात. सूर्य जपानात आपल्या आधी उगवतो, तेव्हा जपानचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेतीन तास पुढे असते.

आता कागदावरील वेळा पुन्हा पाहू. टोकियोत सकाळचे सव्वासात म्हणजे आपल्याकडे पहाटेचे पावणेचार. रात्री ८ ते पहाटे पावणेचार हा अवधी पावणेआठ तासांचा. उलट, टोकियोत सकाळचे ११ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात. साडेसातपासून सायंकाळी ५ पर्यंत साडेनऊ तास होतात. म्हणजे आजींना जे वाटले त्याच्या अगदी उलट घडले. नातवाला घरी येण्यास अधिक वेळ लागला व परत जाण्यास कमी!

प्रमाणवेळ ही आपणास आज इतकी स्वाभाविक वाटते की, ती एके काळी वादाचा विषय होती हे सांगूनही पटत नाही. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. परंतु मुंबईकरांनी तिला मोठा विरोध केला. मुंबईची स्वतःची वेळ या नव्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, आणि ती जुनी वेळ त्या शहरात काही ठिकाणी १९५५ सालापर्यंत चालू राहिली. एकाच शहरात दोन वेळा पाळणाऱ्या त्या पिढीस आमच्या आजींची अडचण लगेच समजली असती.

घड्याळांचा घोटाळा सुटला. पण त्यातून दुसराच प्रश्न उभा राहिला. जाताना पावणेआठ तास आणि येताना साडेनऊ, असा पावणेदोन तासांचा फरक का? आणि दोन्ही आकडे विद्यार्थिनीच्या साडेसहा तासांहून मोठे का? त्यासाठी घड्याळ बाजूस ठेवून पृथ्वीगोल हाती घ्यावा लागतो.

दोऱ्याने मोजलेले अंतर

सपाट कागदावरील नकाशा ही एक सोयीची तडजोड होय. संत्र्याची साल सोलून ती टेबलावर सपाट पसरावयाची म्हटले तर ती कोठे फाटते, कोठे ताणली जाते. पृथ्वीचा पृष्ठभाग कागदावर आणतानाही तसेच होते. म्हणून नकाशावर पट्टीने काढलेली सरळ रेषा ही पृथ्वीवरील सर्वांत जवळची वाट असेलच असे नाही.

शाळेतील पृथ्वीगोलावर एक साधा दोरा घ्या. त्याचे एक टोक दिल्लीवर व दुसरे टोकियोवर धरून तो घट्ट ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट दाखवितो. या वाटेस बृहत् वृत्ताची वाट म्हणतात. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते ते बृहत् वृत्त. विषुववृत्त हे एक बृहत् वृत्त आहे, आणि समोरासमोरची दोन रेखावृत्ते जोडली तर तेही एक बृहत् वृत्तच होते. गोलावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट ही अशा एखाद्या वृत्ताचा तुकडा असते.

दिल्ली सुमारे साडेअठ्ठावीस अंश उत्तर अक्षांशावर आहे व टोकियो सुमारे साडेपस्तीस अंशांवर. पृथ्वीच्या केंद्रातून या दोन शहरांकडे दोन रेषा काढल्या तर त्यांमध्ये सुमारे ५२.७ अंशांचा कोन होतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. दोहोंचा गुणाकार केला की ५,८६० किलोमीटर येतात. दिल्लीचा विमानतळ व टोकियोचा हानेदा विमानतळ यांमधील सर्वांत जवळचे अंतर हेच. खलाशी व वैमानिक हेच निराळ्या मापाने मोजतात. एका अंशाचे साठ भाग केले असता त्यांतील एका भागाएवढे अंतर म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. ५२.७ ला ६० ने गुणून पाहा. ३,१६२ सागरी मैल येतील. अंश आणि अंतर यांचे इतके साधे नाते असल्यामुळेच हे माप अजून टिकून आहे.

होकायंत्राची दिशा जराही न बदलता कोणी दिल्लीहून टोकियोस जाऊ म्हणेल, तर त्यास सुमारे ५,९५० किलोमीटर जावे लागेल, म्हणजे ९० किलोमीटर अधिक. जवळच्या वाटेने जाणाऱ्यास मात्र आपली दिशा क्षणोक्षणी थोडी थोडी बदलावी लागते. आणखी एक गंमत अशी की, ही जवळची वाट टोकियोच्याही उत्तरेस चढते. चीनच्या शांडोंग द्वीपकल्पाजवळ ती सुमारे ३७ अंश अक्षांशापर्यंत जाते आणि तेथून किंचित दक्षिणेस वळून टोकियोस येते. सपाट नकाशावर ती धनुष्यासारखी वाकलेली दिसते. पृथ्वीगोलावर मात्र दोरा सरळ असतो.

आता या दोऱ्याखाली कोणकोणते प्रदेश येतात ते पाहा. दिल्ली सोडताच दोरा ईशान्येकडे कुमाऊँच्या डोंगरांवरून जातो. मग नेपाळचा वायव्य कोपरा आणि मानससरोवराच्या दक्षिणेचा प्रदेश ओलांडून तिबेटच्या पठारावर चढतो. पुढे उत्तर चीन, पीत समुद्र, कोरिया आणि शेवटी जपान. एकूण वाटेच्या बऱ्याच मोठ्या भागाखाली हिमालय व तिबेटचे पठार आहे. येथेच या लेखाचा खरा विषय सुरू होतो. कारण दिल्लीहून टोकियोस जाणारी प्रवासी विमाने सामान्यतः या जवळच्या वाटेने जात नाहीत.

जवळची वाट सोडण्याचे कारण

कोणास वाटेल, हिमालय उंच आहे म्हणून विमानास तो ओलांडता येत नसेल. तसे मुळीच नाही. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे आणि प्रवासी जेट विमान १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जाते. वर जाण्याची अडचण नाही. अडचण आहे ती खाली येण्याची.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ असते की, त्या हवेत माणूस अर्ध्या-एक मिनिटात भान हरपू लागतो. बाहेरची थंडीही शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास असते. म्हणून विमानाच्या आत हवेचा दाब कृत्रिम रीतीने वाढवून ठेवतात. आतल्या प्रवाशांना आपण सिमल्याच्या उंचीवर बसलो आहोत एवढाच फरक जाणवावा, अशी ही व्यवस्था असते. काही बिघाड होऊन हा दाब नाहीसा झाला तर आसनांच्या वरून प्राणवायूचे मुखवटे खाली लोंबतात. परंतु त्यांतील प्राणवायू बहुतेक विमानांत पंधरा मिनिटांच्या आसपासच पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाने विमान सुमारे १०,००० फूट, म्हणजे ३,००० मीटरच्या जवळपास खाली आणावयाचे असते. कारण तेथील हवेत माणसास मुखवट्यावाचून श्वास घेता येतो.

समुद्रावर अथवा गंगेच्या मैदानावर हे सहज जमते. पण तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच सुमारे ४,५०० मीटर आहे, आणि त्यावरील पर्वतरांगा त्याहून पुष्कळ उंच. जेथे विमानास ३,००० मीटरवर उतरावयाचे तेथे हवा नाहीच, खडक आहे! शिवाय एखादे इंजिन बंद पडले तर उरलेल्या इंजिनावर विमान पूर्वीच्या उंचीवर राहू शकत नाही. त्यास हळूहळू खाली यावे लागते. आणि जवळचा विमानतळ शोधावा तर तेही तेथे विरळ. ल्हासाचा विमानतळच साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. अधिक प्राणवायू बाळगून व विशेष योजना आखून काही विमाने या प्रदेशावरून जातातही. परंतु नित्याच्या प्रवासासाठी ती वाट टाळणे हेच शहाणपणाचे ठरले आहे.

म्हणून दिल्लीचे विमान प्रथम गंगेच्या मैदानावरून आग्नेयेस वळते, बंगाल व ब्रह्मदेश ओलांडते, चीनच्या युन्नान प्रांतात कुनमिंग शहराच्या बाजूने शिरते आणि मग दक्षिण चीनवरून ईशान्येस जपानकडे जाते. दिल्लीपासून कुनमिंग सरळ धरले तरी सुमारे २,५६० किलोमीटर व कुनमिंगपासून टोकियो सुमारे ३,७२० किलोमीटर. बेरीज ६,२८० होते, म्हणजे जवळच्या वाटेपेक्षा ४२० किलोमीटर अधिक. ग्वाल्हेरहून दिल्लीस जाण्याइतके, किंबहुना त्याहूनही अधिक अंतर केवळ सुरक्षिततेसाठी वाढविलेले असते. प्रवाशांना त्याची खबरही नसते.

वाट ठरविताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आकाश मोकळे दिसत असले तरी ते निर्मालक नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक राष्ट्राची त्याच्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता मान्य केली आहे. एका देशाने आपले आकाश बंद केले की इतरांची वाट लांबते. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाचे आकाश अनेक देशांच्या विमानांस बंद झाले, तेव्हा टोकियोहून युरोपास जाणाऱ्या विमानांना कित्येक तासांचा वळसा पडू लागला.

ज्यांनी ही वाट प्रथम पाहिली

आसामच्या पूर्वेकडील डोंगरांवरून कुनमिंगकडे जाणारी हवाई वाट अशीच सुखाने तयार झालेली नाही. १९४२ साली जपानी सैन्याने ब्रह्मदेश जिंकला व चीनला रसद पोहोचविणारा खुष्कीचा मार्ग तोडला. तेव्हा दोस्त राष्ट्रांनी आसाममधील चाबुआ, दिंजान इत्यादी विमानतळांवरून कुनमिंगला विमानांनी रसद पाठविण्यास प्रारंभ केला. मधल्या पर्वतरांगांस वैमानिक 'उंटाची मदार' म्हणत. वाट सुमारे ८०० किलोमीटरची होती. पण ढग, बर्फ आणि भयंकर वारे यांनी ती जगातील अत्यंत धोक्याची हवाई वाट ठरली. १९४५ पर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल या वाटेने गेला. जवळजवळ ६०० विमाने नष्ट झाली आणि हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हवा स्वच्छ असली म्हणजे खालच्या दऱ्यांत पडलेल्या विमानांचे चकाकणारे सांगाडे पाहून वैमानिक आपली वाट ओळखीत, असे सांगतात. आज त्याच प्रदेशाच्या आसपासच्या आकाशातून प्रवासी झोपेत जपानला जातात.

त्याआधीचा जपानचा प्रवास जहाजाचा होता. स्वामी विवेकानंद ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, नागासाकी करीत ते योकोहामास पोहोचले व तेथून १४ जुलै रोजी पुढे अमेरिकेकडे निघाले. वाटेतील मुक्काम धरून हा सहा आठवड्यांचा प्रवास झाला. त्याच वर्षी जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने एका जपानी कंपनीची मुंबई-जपान जहाजे सुरू झाली आणि आपला कापूस तिकडे जाऊ लागला. जपानहूनही पुष्कळ काही येत असे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका पडली, आणि तिच्या प्रेरणेने त्यांनी १९१६ साली आपले महिला विद्यापीठ स्थापन केले. १९५० नंतरच्या दशकात एअर इंडियाची पंख्यांची विमाने बँकॉक, हाँगकाँग अशा मजला मारीत टोकियोस जाऊ लागली. १९६० साली त्या कंपनीकडे जेट विमाने आली आणि आठवड्यांचा प्रवास तासांवर आला.

वारा कोणाचे देणे फेडतो?

आता पावणेदोन तासांचा फरक उरला. त्याचे उत्तर वाऱ्यात आहे. परंतु हा वारा आपल्या अंगणातला नव्हे.

भूमीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे वाऱ्याचे अरुंद पट्टे असतात. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्यांस जेट प्रवाह म्हटले आहे. दक्षिणेकडील उष्ण हवा व उत्तरेकडील थंड हवा यांच्या तापमानातील फरकाने आणि पृथ्वीच्या फिरण्याने ते निर्माण होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, तसा प्रवाहही जोर धरतो. त्या दिवसांत त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेने, म्हणजे आपल्या उत्तर भारतावरून वाहते. हिमालय व तिबेट यांस वळसा घालून आलेल्या शाखा पूर्वेकडे पुन्हा एकत्र होतात. म्हणूनच हिवाळ्यात जपानवरील जेट प्रवाह जगातील अत्यंत जोरदार प्रवाहांपैकी एक असतो. तेथे ताशी २०० ते ३०० किलोमीटर वेग ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पावसाळा सुरू होताना हा प्रवाह आपल्या मैदानावरून उठून हिमालयाच्या उत्तरेस सरकतो.

या वाऱ्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास जपानातच झाला हे योग्यच म्हणावयाचे. टोकियोच्या ईशान्येस तातेनो येथे एक वेधशाळा होती. तिचे प्रमुख वासाबुरो ओइशी हे १९२० नंतरच्या वर्षांत लहान फुगे आकाशात सोडून दुर्बिणीने त्यांचा माग घेत. हिवाळ्यात उंचावर गेलेले फुगे विलक्षण वेगाने पूर्वेकडे पळतात असे त्यांस आढळले. आपले संशोधन साऱ्या जगाने वाचावे म्हणून त्यांनी ते १९२६ साली एस्परांतो या नव्याने घडविलेल्या जागतिक भाषेत प्रसिद्ध केले. दैवदुर्विलास असा की, ती भाषा जाणणारे थोडे, म्हणून ते बाहेरच्या जगात फारसे कोणी वाचलेच नाही. पुढे १९४४ च्या अखेरीस अमेरिकन बाँबफेकी विमाने टोकियोवर उंचावरून आली, तेव्हा त्या वाऱ्यांनी त्यांची त्रेधा उडविली. ओइशींचे टिपण अठरा वर्षे आधी लिहिलेले होते! ज्ञान मिळविणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते लोकांस समजेल अशा भाषेत सांगणेही महत्त्वाचे आहे, हा धडा आमच्या विद्यार्थ्यांनी यातून अवश्य घ्यावा.

आता थोडे गणित. वाट ६,३०० किलोमीटरची धरू व विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर. वारा नसेल तर ७ तास लागतील. जाऊन-येऊन १४ तास. समजा, साऱ्या वाटेवर सरासरी ताशी १०० किलोमीटर वारा पश्चिमेकडून वाहतो आहे. नदीच्या ओघाबरोबर जाणाऱ्या नावेप्रमाणे जपानकडे जाताना विमानाचा भूमीवरील वेग १,००० होईल आणि येताना ८००. जाण्यास ६ तास १८ मिनिटे. येण्यास ७ तास ५२ मिनिटे. फरक सुमारे दीड तासाचा. कागदावरच्या पावणेदोन तासांच्या आपण जवळ येऊन पोहोचलो.

येथे एका चाणाक्ष विद्यार्थ्याने विचारले, "जाताना जेवढा वेळ वाचतो तेवढाच येताना जात असेल, म्हणजे फिटंफाट होत असेल ना?" बेरीज करून पाहा. ६ तास १८ मिनिटे आणि ७ तास ५२ मिनिटे मिळून १४ तास १० मिनिटे होतात, १४ नव्हे. याचे कारण असे की, विमान अनुकूल वाऱ्यात कमी वेळ राहते व प्रतिकूल वाऱ्यात अधिक वेळ. वारा घेतो पुरे आणि देतो अपुरे. म्हणून परतीच्या वेळी वैमानिक शक्य तेथे जेट प्रवाह चुकवून निराळ्या उंचीने अथवा निराळ्या वाटेने जातात. कधी लांबची वाटच लवकर पोहोचविते.

तरीही पावणेआठ व साडेनऊ हे आकडे आपल्या हिशेबाहून सुमारे दीड-दीड तासाने मोठे आहेत. हा काळ कोठे जातो? तिकिटावरील वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या विमानतळावर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, आपल्या पाळीची वाट पाहणे, उंची गाठेपर्यंतचा व उतरतानाचा मंद वेग, ठरावीक हवाई मार्गांची वळणे, आणि विलंब झालाच तर हाताशी असावी अशी थोडी शिल्लक, हे सारे त्यात येते. वारा ऋतूप्रमाणे व दिवसाप्रमाणे बदलतो, म्हणून या वेळाही बदलतात. सामान्यतः दिल्लीहून टोकियोस साडेसात ते आठ तास व टोकियोहून दिल्लीस नऊ ते दहा तास, असे समजावयास हरकत नाही.

समारोप

एका साध्या प्रश्नाची उकल करताना आपणास किती ठिकाणी जावे लागले! पट्टीचे अंतर एक, दोऱ्याचे अंतर दुसरे आणि विमानाची खरी वाट तिसरीच. नकाशाने सांगितलेले ५,८६० किलोमीटर खोटे नव्हेत. पण त्या आकड्यास पर्वत ठाऊक नाहीत, वारा ठाऊक नाही, राष्ट्रांच्या सीमा ठाऊक नाहीत आणि श्वास घेणारी माणसे तर मुळीच ठाऊक नाहीत. हल्ली हातातील फोनवर बोट ठेवताच कोणत्याही दोन शहरांमधील अंतर दिसते. ते अवश्य पाहावे. परंतु तो आकडा कोणत्या वाटेचा आहे, हे विचारण्याची सवय मात्र आपली आपणच लावून घ्यावी लागते.

आमच्या वाचकांपैकी ज्यांस हौस असेल त्यांनी पृथ्वीगोल व दोरा घेऊन मुंबई ते टोकियो हे अंतर मोजून पाहावे. उत्तर सुमारे ६,७३० किलोमीटर यावयास हवे. दोरा आपल्या देशातील कोणत्या भागांवरून जातो आणि हिमालयास कोठे भिडतो, हे लिहून ठेवावे व मग विमानासाठी स्वतः एक सुरक्षित वाट आखून तिची लांबी काढावी.

त्या विद्यार्थिनीने हे सारे घरी जाऊन आजींना समजावून सांगितले. पृथ्वीगोल तिने शाळेतून मागून नेला होता. घड्याळांचा घोटाळा आजींना लगेच पटला. वाऱ्याचा भागही पटला. नदीतून नाव जाताना-येतानाचा फरक त्यांनी लहानपणी पाहिला होता. परंतु तिबेटचे पठार चुकविण्यासाठी विमान चारशे किलोमीटरचा वळसा घेते, हे ऐकल्यावर त्या बराच वेळ त्या गोलाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "वळसा घालून नेतात ना पोराला? मग घालू देत. मला आज झोप लागेल."